चाकांवरच्या घराला किती ओझं झेपतं?

मोटरहोम विकत घ्यायला निघालेली माणसं कपाटं उघडून बघतात. पलंगावर आडवं होऊन बघतात, नळ सोडून बघतात, ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटायला जागा पुरेल का याचा अंदाज घेतात. मग किमतीची घासाघीस सुरू होते. एवढ्या वेळात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या एका पिवळ्या पट्टीकडे क्वचितच कोणाचं लक्ष जातं. अमेरिकेत नव्या-जुन्या मोटरहोमची खरेदीपूर्व तपासणी करणं हा माझा व्यवसाय आहे आणि माझं काम त्या पट्टीपासूनच सुरू होतं. छत गळतंय का, फ्रीज गार होतो का, जनरेटर पहिल्या फटक्यात सुरू होतो का, हे सगळं नंतर. गळकं छत दुरुस्त होतं, फ्रीज बदलता येतो. गाडी किती ओझं वाहू शकते हे मात्र ती बांधतानाच ठरून गेलेलं असतं.

इथल्या केंद्रीय नियमानुसार जून २००८ पासून प्रत्येक नव्या मोटरहोमवर ही पट्टी बंधनकारक आहे. पिवळ्यावर काळी अक्षरं, आणि जागाही ठरलेली: उजव्या बाजूच्या सर्वांत पुढच्या दरवाजाच्या आतली बाजू. माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या पुढे जायचं नाही, सीटबेल्ट असलेल्या जागा किती, पाण्याची टाकी पूर्ण भरली तर तिचं वजन किती, हे सगळं त्यावर छापलेलं असतं. मागे काही ओढणार असाल तर त्याचा हिचवर (मागच्या जोडणीवर) पडणारा भारही सामानातच धरायचा, असा इशाराही असतो. माहितीपत्रकात ‘आठ जणांची झोपण्याची सोय’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. त्याच गाडीच्या पट्टीवर सीटबेल्ट सहा आणि वजनाचा आकडा आठ जणांना सामानासकट न पुरणारा, असं मी नेहमी पाहतो. झोपायच्या जागा मोजून गाडी घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

हा आकडा येतो कुठून? साध्या वजाबाकीतून. सांगाडा, ब्रेक, ॲक्सल आणि टायर मिळून रस्त्यावर जास्तीत जास्त किती वजन सांभाळता येईल, याची एक मर्यादा ठरलेली असते. अमेरिकेतल्या मधल्या आकाराच्या बहुसंख्य मोटरहोम फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावर उभ्या असतात. त्याची मर्यादा १४,५०० पाउंड, म्हणजे सुमारे ६,५८० किलो. त्यातून बांधून तयार झालेल्या गाडीचं वजन आणि भरलेल्या प्रोपेनचं वजन वजा केलं की उरतो तो पट्टीवरचा आकडा. इंधनाची टाकी भरलेली धरलेली असते. पिण्याचं पाणी धरलेलं नसतं आणि माणूस एकही धरलेला नसतो.

यातून निघणारी एक गोष्ट पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांना पटवून द्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो. एकाच सांगाड्यावर चोवीस फुटांचं घर बांधा नाहीतर एकतीस फुटांचं, मर्यादा तीच. लांब घराच्या भिंती, छत, बाहेर सरकणारी खोली, तिची मोटर आणि रूळ हे सगळं त्याच १४,५०० मधून कापलं जातं. म्हणून मोठी गाडी बहुतेक वेळा लहान गाडीपेक्षा कमी सामान वाहते. कपाटं जास्त आणि ती भरायची मुभा कमी. विक्रेते हे आपण होऊन सांगत नाहीत आणि गिऱ्हाइकांना विचारायचं सुचत नाही.

आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले असतात, मुलांच्या शाळेला सुट्टी लागलेली असते, झायन-ब्राइस या राष्ट्रीय उद्यानांकडे जायचा बेत ठरतो. वडीलधाऱ्यांना गाडीतच स्वच्छतागृह मिळतं, जेवण घरचं होतं, त्यामुळे मोटरहोमची कल्पना सगळ्यांना आवडते. सहा माणसं मिळून साधारण ७७५ पाउंड. ४० गॅलन पाणी, दर गॅलनला ८.३ पाउंड, म्हणजे ३३२. वीस पाउंडांची तांदळाची पिशवी, तेवढीच कणकेची, कुकर, मिक्सर, इन्स्टंट पॉट, सहा जणांची अंथरुणं-पांघरुणं. अर्ध्या लिटरच्या चाळीस पाण्याच्या बाटल्यांचा एक खोका उचलून गाडीत टाकताना कोणाला काही वाटत नाही. त्याचं वजन वीस किलो, म्हणजे ४४ पाउंड असतं. त्यात घडीच्या खुर्च्या, हत्यारांची पेटी, गाडी समतल करायचे ठोकळे, पाण्याचा पाइप, मैलापाण्याचा पाइप, विजेची जाड केबल आणि सायकली.

पट्टीवर १,८९० पाउंड लिहिलेल्या एका एकतीस फुटी वापरलेल्या गाडीवर हा हिशेब मांडू. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. माणसं आणि पाणी वजा जाता ७८३ पाउंड उरतात. कागदावर ठीकच दिसतं. पण पट्टी कारखान्यातून निघालेल्या गाडीबद्दल बोलते. पहिली विक्री होण्याआधी त्यात शंभर पाउंडांच्या वर भर घातली गेली तर पट्टीवरचा आकडा दुरुस्त करावा लागतो. विक्री झाल्यावर मालकाने काय केलं याची नोंद मात्र कुठेच होत नाही. या गाडीचा पहिला मालक हौशी होता. त्याने सहा व्होल्टच्या जादा बॅटऱ्या बसवल्या होत्या (एकेकीचं वजन साठ पाउंडांच्या आसपास), इन्व्हर्टर घातला होता, छतावर सोलर पॅनेल लावली होती.

म्हणून पट्टी वाचली की दुसरं काम म्हणजे गाडी काट्यावर नेणं. साखर कारखान्यात उसाची ट्रॉली भरलेली तोलतात, मग रिकामी तोलतात, आणि शेतकऱ्याचं लक्ष त्या काट्यावर असतं. आपणही तितक्याच चोखपणे बघायचं. अमेरिकेत हमरस्त्यांवरच्या ट्रक थांब्यांवर ‘कॅट स्केल’ नावाचे प्रमाणित काटे असतात. पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची चाकं दुसऱ्या फळीवर येतील अशी गाडी उभी करायची, खिडकीतून हात काढून बटण दाबायचं आणि पलीकडच्या माणसाला खासगी गाडी असल्याचं सांगायचं. खर्च थोडक्या डॉलरांचा. हाती येणाऱ्या पावतीवर पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि एकूण अशी वजनं वेगवेगळी छापलेली असतात. इंधन आणि प्रोपेन पूर्ण भरून, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करून जावं, म्हणजे पट्टीशी थेट तुलना करता येते.

आपल्या गाडीची पावती अशी: पुढे ४,१३०, मागे ८,९४०, एकूण १३,०७०. चालवणाऱ्याचे १८० पाउंड त्यात आले. ते काढले की गाडी १२,८९० ची आणि खरी उरलेली क्षमता १,६१०. पट्टीपेक्षा २८० पाउंड कमी. मघाचे ७८३ आता ५०३ झाले.

खरी अडचण याच्या पुढे आहे, आणि ती एकूण वजन बघून कळत नाही. मर्यादा प्रत्येक ॲक्सललाही वेगळी असते. या गाडीच्या मागच्या ॲक्सलची मर्यादा ९,६०० पाउंड, म्हणजे तिथे फक्त ६६० शिल्लक. पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या वरच होती. ती भरली की ३३२ गेले. आता मागच्या बंपरच्या हिचवर सायकलींचा स्टँड लावू. स्टँड आणि सायकली मिळून २०० पाउंड. पण हा भार मागच्या ॲक्सलपासून बारा फूट मागे लटकतोय आणि दोन ॲक्सलमधलं अंतर अठरा फूट आहे. तरफेच्या नियमाने मागच्या ॲक्सलवर २०० नाही, ३३३ पाउंड पडतात, आणि पुढचा ॲक्सल १३३ पाउंडांनी हलका होतो. ३३२ अधिक ३३३ म्हणजे ६६५. मागच्या ॲक्सलची मर्यादा ओलांडली, आणि अजून सामानाची एक पिशवी गाडीत चढलेली नाही, मागच्या सोफ्यावर कोणी बसलेलं नाही. पुढची चाकं हलकी झाल्यामुळे स्टिअरिंगही सैल लागतं आणि शेजारून ट्रक गेला की गाडी ढकलल्यासारखी होते. असं का होतंय हे चालवणाऱ्याला समजत नाही. तो वाऱ्याला दोष देतो.

पाण्याबद्दल आणखी एक. ‘वापरलं की संपतं’ हा समज चुकीचा आहे. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी खालच्या सांडपाण्याच्या टाकीत जातं, आणि डम्प स्टेशनवर सोडून देईपर्यंत ते तुमच्याबरोबरच फिरतं. वजन जागा बदलतं, कमी होत नाही. कॅम्पग्राउंडवर नळ मिळणार असेल तर टाकी एक तृतीयांश भरून प्रवास करावा. राष्ट्रीय उद्यानांत जागेवर नळजोडणी नसेल तर पाणी घेऊनच जावं लागतं. तिथे शेवटच्या गावात टाकी भरावी.

जास्त वजनाचा पहिला मार बसतो टायरला. या सांगाड्यावरचा नेहमीचा टायर ८० पीएसआय हवेवर एकटा असताना २,६८० पाउंड पेलतो आणि जोडीत असताना २,४७०. मागे चार टायर, म्हणजे ९,८८०. ॲक्सलच्या ९,६०० पेक्षा जेमतेम २८० जास्त, आणि तेसुद्धा हवा पूर्ण भरलेली असेल तर. हवा कमी आणि ओझं जास्त झालं की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकते, तापते आणि आतले थर सुटू लागतात. लॉस एंजेलिसहून लास व्हेगासला जाताना बेकर गावाच्या पुढे मैलोगणती चढ लागतो. इंजिन तापू नये म्हणून तिथे एसी बंद करा अशा पाट्या आहेत. उन्हाळ्यातल्या दुपारी तो चढ ओझ्याने वाकलेल्या गाडीत, मागे आजी-आजोबा आणि मुलं बसलेली असताना चढणं मला मान्य नाही. उतारावर जास्त ओझ्याने ब्रेकही तसेच तापतात. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’नंतरचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी खोल दिसत असली तरी जुना टायर जुनाच असतो.

एवढं सांगितल्यावर कोणीतरी विचारतंच, ‘मागे एअरबॅग टाकल्या तर?’ स्प्रिंगला मदत करणाऱ्या या हवेच्या पिशव्यांनी बसलेली गाडी समतल होते, झोले कमी होतात. मर्यादा एका पाउंडाने वाढत नाही. ब्रेक तेच, टायर तेच, ॲक्सल तोच. गाडी सरळ उभी दिसते म्हणून धोका उलट नजरेआड होतो. दुकानदाराने हा उपाय सुचवला तर त्याला गाडीचं गणित माहीत नाही, किंवा ते तुम्हाला कळू द्यायचं नाही.

आणि रस्त्यावर तुम्हाला अडवणारं कोणी नसतं. ट्रकना वजन-नाक्यांवर थांबावं लागतं. खासगी मोटरहोम बहुतेक राज्यांत सरळ पुढे जाते. म्हणून हे काम मालकाचंच आहे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांना आणखी एक बंधन आहे: १ जानेवारी १९९७ पासून पुढे परीक्षा दिलेल्यांना साध्या कारच्या परवान्यावर साधारणपणे ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, त्यामुळे तिथल्या बऱ्याच मोटरहोम त्याच आकड्यात बसवलेल्या असतात आणि सामानासाठी उरणारं वजन आणखी कमी असतं. महाराष्ट्रात कॅरॅव्हॅन घेणाऱ्यांनी आरसीवरचं रिकामं वजन आणि कमाल एकूण वजन दोन्ही बघावीत आणि गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्यावी. आरसीवरचं रिकामं वजन आतली सजावट होण्याआधीचं तर नाही, हे आधी विचारावं.

मी वापरतो तो नियम साधा आहे. चौघांच्या कुटुंबासाठी काट्यावर सिद्ध झालेले २,००० पाउंड उरत नसतील तर त्या गाडीला मी होकार देत नाही, आतली सजावट कितीही देखणी असली तरी. सहा जणांसाठी त्याहून जास्त. पाणी भरून, आपली माणसं आपापल्या जागी बसवून दुसऱ्यांदा तोललं तर उत्तम. प्रत्येक चाक वेगळं तोलून देणाऱ्या संस्थाही अमेरिकेत आहेत, आणि गाडी घेतल्यानंतर एकदा तिथे जाऊन यावं. पण पहिलं वजन पैसे देण्याआधीच व्हायला हवं. विक्रेत्याला सांगा: इंधनाची टाकी भरून द्या, काट्यापर्यंत मी घेऊन जातो, तुमचा माणूस बरोबर पाठवा. तो नाही म्हणाला तर सही करू नका, दुसरी गाडी बघा.