दोन बोटांचा बार

सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग या पट्ट्यात साठ-सत्तरच्या दशकात वाढलेल्या आम्हा भावंडांच्या घरात बंदूक होती, असं सांगितलं की मुंबईची माणसं चमकतात. त्यांच्या डोळ्यांसमोर जमीनदार येतो, नाहीतर सिनेमातला डाकू. आमच्याकडे ती शेतीच्या सामानात मोडायची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय स्पष्ट लिहिलेली आहे, आणि त्या सोयीवर आमच्या भागातल्या कितीतरी घरांचं भात खळ्यापर्यंत पोचलं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधीचे आजोबांचे कागद रत्नागिरीचे. ते गुंडाळून पत्र्याच्या नळकांड्यात ठेवलेले असत आणि त्या नळकांड्याला आम्ही हात लावलेला चालत नसे. बंदुकीला लावलेला तर नाहीच.

पाहायची मात्र मुभा होती. ऑक्टोबरात भात पिवळं पडू लागलं की संध्याकाळी पडवीत बंदूक भरली जाई आणि आम्ही सगळी चुलत-आते भावंडं हातभर अंतरावर उकिडवी बसत असू. आधी आजोबा रिकाम्या नळीत गज सोडत. गज तळाला टेकून तोंडाशी बरोबर आला म्हणजे आत काही नाही. हे पाहिल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नसे, भले बंदूक त्यांनी स्वतःच सकाळी पुसून ठेवलेली असो. मग शिंगातली काळी दारू तळहातावर, तळहातावरून नळीत. त्यावर काथ्याची गुंडी, नारळाच्या सोडणातून काढून नीट मळलेली. मग गजाने ठासणं. पहिल्या ठोक्यांचा आवाज बसका यायचा, हळूहळू कडक होत जायचा, आणि शेवटी गज आपोआप उसळून वर यायचा. तो उसळला की दारू बसली. त्यावर छर्रे किंवा गोळी, वर पुन्हा थोडा काथ्या आणि पुन्हा गज. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुटते, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. बार पेटवणारी केप सगळ्यांत शेवटी, तीही राखणीच्या जागेवर गेल्यावर. घरात केप कधी चढवली नाही.

मापाला तराजू नव्हता. भरल्यानंतर गज नळीच्या तोंडाबाहेर जितका वर राही, तितकी बोटं आडवी लावून मोजायची. डुकराला चार बोटं आणि एक शिशाची गोळी. सशाला, रानकोंबड्याला दोन बोटं आणि चिमूटभर बारीक छर्रे. माकडांना दारू आणि काथ्या, बाकी काही नाही; नुसता बार. आमचा धाकटा काका तरुणपणी दारूला सढळ होता. त्याच्या हातातलं शिंग आजोबा मधेच धरत आणि म्हणत, "झिला, दोन बोटां बास झाली. ससो मारूचो आसा, गवो नाय."

त्या दोन बोटांमागे बरंच शहाणपण होतं, आणि ते कळायला आम्हाला वय वाढावं लागलं. आमची नळी जुनी होती. तिच्यावर रोज चार बोटांचा मारा करणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं. जास्त दारूने छर्रे लांब जातात हे खरं, पण फुलतातही फार, आणि पंधरा-वीस पावलांवरच्या सशाला लांब जाणाऱ्या छर्र्याचा उपयोग काय? जोरकस बाराने सशाच्या चिंध्या होतात, मग आजीच्या हाती शिजवायला काय येणार? कमी दारूला धूर कमी, खांद्याला दणका कमी, आणि पलीकडच्या मळ्यातल्या राखणदाराची झोपही मोडत नाही. शिवाय दारू, केपा विकत आणाव्या लागत, त्याही परवान्यावर लिहून दिलेल्या हद्दीत. प्रत्येक चिमटीचा हिशेब होता.

पुढे वाचनात आलं की बंदुका बाळगणाऱ्या दूरच्या लोकांनाही हेच सुचलं होतं. अमेरिकेच्या सैन्यात १८८० च्या दशकात मोठ्या स्प्रिंगफील्ड रायफलींच्या काडतुसात नेहमीच्या जड गोळीऐवजी छोटी गोल गोळी आणि थोडीशीच दारू भरून छपराखाली नेमबाजीचा सराव करवत. तिथले शेतकरीही हरणाच्या रायफलीत शिशाचा एखादा टपोरा छर्रा आणि जराशी दारू भरून खारी, ससे टिपत. एकच रायफल दोन्ही कामांना पुरवायची आणि मांस वाया घालवायचं नाही, म्हणून. ते वाचताना मला आजोबांचा हात दिसला. ज्याच्या घरात एकच बंदूक आहे त्याला ती लहान करता आलीच पाहिजे. कोकणातला भातवाला आणि तिकडचा मकेवाला, दोघांनी आपापल्या पडवीत हे शोधलं, याचं मला फार अप्रूप आहे.

गोळ्या घरीच ओतायच्या. शिसं यायचं मोडक्या पागातून. खाडीकाठच्या आत्याकडे पाग जुना झाला, जाळं कुजलं, की त्याची शिशाची वजनं पुरचुंडीत बांधून मे महिन्यात आमच्याकडे पोचत. परसात तीन दगडांच्या चुलीवर, एका लोखंडी पळीत ती वितळायची. हे काम आजीचं. तिचा हात साच्यावर कापत नसे आणि ती आम्हाला वाऱ्याच्या दिशेला बसू देत नसे. चकचकीत गोळी थंड झाली की तिची शेपटी आजोबा चाकूने कापून टाकत. ती पळी पुन्हा स्वयंपाकघरात कधी आली नाही. गोठ्याच्या आढ्यात खोचलेली असे. बंदुकीबद्दल सगळे पुरुषांची नावं घेतात. आमच्या घरची प्रत्येक गोळी आजीच्या हातची होती, हे इथे लिहून ठेवतो.

बाराच्या दुसऱ्या दिवशी नळी धुवायची. काळ्या दारूची काजळी आमच्या दमट हवेत रात्रीतून ओल ओढून घेते आणि लोखंड खाते. म्हणून कढत पाणी, मग कोरडं फडकं, मग खोबरेल. तो वास, जळक्या गंधकाचा आणि खोबरेलाचा मिळून, आमच्या पिढीतल्या कुणालाही डोळे मिटून ओळखता येईल.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ससा, रानकोंबडा यांचा विषय संपला. आजोबांनी तो मानला. खळखळ केली नाही असं नाही. पण बारीक छर्र्यांची डबी त्यांनी वर ठेवून दिली आणि राखण चालू राहिली ती नुसत्या बाराची आणि डुकराच्या गोळीची. आम्हाला वाईट वाटलं ते डबीचं नव्हे, त्यांच्या हातातल्या कसबाला आता काम उरलं नाही याचं. मधलं माप घरातून गेलं. डुकराची गोळीही पुढे परवानगीच्या कागदात अडकली आणि एकेकाने नाद सोडला.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची. नियम म्हणून तो समजतो. पण विधानसभेचं मतदान अनेकदा ऑक्टोबरातच येतं, म्हणजे भात लोंबीवर वाकलेलं आणि राखणीचं हत्यार कुलपात. त्या रात्री काका पत्र्याचे डबे बडवत शेतात फिरे. सकाळी डुकरांनी लोळवलेलं भात पाहून तो काही बोलत नसे, आणि त्याचं ते न बोलणं आम्हाला सहन होत नसे.

परवाना आता चुलतभावाच्या नावावर आहे. त्याने काडतुसाची बंदूक घेतली. काडतूस कारखान्यात भरलेलं येतं. त्यात दोन बोटं की चार, हे विचारायची सोय नाही. त्याची मुलं माकडांसाठी पीव्हीसी पाइपाची कार्बाइडवर उडणारी तोफ वापरतात. आवाज दणदणीत होतो, गोळी नसते, म्हणजे आजोबांचा नुसता बारच. पण त्या पाइपाने मुलांचे डोळे जातात, कारण बार झाला नाही की ती लगेच आत डोकावतात. आजोबांची केप पेटून बार झाला नाही, तर ते नळी डोंगराकडे धरून हलत नसत. दारू आत धुमसत असेल आणि उशिरा पेटेल, म्हणून. गेल्या मेमध्ये मी पुतण्यांना खळ्यात बसवून तेवढं एक शिकवलं: तोंड लांब, पाइप डोंगराकडे, आणि मोठ्याने शंभर मोजून होईपर्यंत कुणी जवळ जायचं नाही.