न्हाणीमागचा सोनटक्का

सोनटक्क्याचा वास आधी येतो, फूल मागाहून दिसतं. दिवेलागणीला पाऊस जरा उघडलेला असतो, पागोळ्या अजून गळत असतात आणि मागच्या दारातून तो वास आत येतो, गार, गोडसर, तळाशी आल्याची किंचित तिखट चुणूक असलेला. ओल्या भिंतींच्या, चुलीतल्या धुराच्या, दांडीवर दोन-दोन दिवस न वाळणाऱ्या लुगड्यांच्या वासातून आपली वाट काढत. इतकी वर्षं झाली, तरी तो आला की मी हातातलं काम खाली ठेवते.

आमच्या आजोळी, रत्नागिरीकडे, सोनटक्का न्हाणीच्या मागे होता. पुढच्या अंगणात तुळस, अनंत आणि जास्वंदी. याला मात्र जागा मिळाली सांडपाण्याची. जांभ्याच्या पन्हळीतून न्हाणीचं पाणी जिथं आगरात उतरायचं तिथं आधी अळू, मग लाल-पिवळी कर्दळ आणि त्यांच्यामागे पुरुषभर उंचीचं सोनटक्क्याचं बेट. वर पोफळींची सावली. आजी म्हणायची, याला पाय ओल्यात हवे नि डोकं उजेडात. ही दोन्ही सुखं त्याला तिथं आयती मिळत होती.

दुपारी पाहावं तर दांड्याच्या टोकाला हिरव्या खवल्यांचं एक घट्ट कणीस, आणि खवल्यांच्या फटींतून डोकावणाऱ्या लांबट, पांढऱ्या, मिटलेल्या कळ्या. उन्हं कलली की त्या सैल व्हायला लागायच्या. आम्ही मुलं बोट लावून त्यांना मदत करायला धावायचो, आणि पडवीतून आजीचा आवाज यायचा, "हात नको लावूस गो बायो, उमलतोय तो." मग नुसतं उभं राहायचं. डास चावत, पाय चिखलात. काळोख दाटत जायचा आणि हिरवं सगळं त्यात विरघळून गेल्यावर ती पांढरी फुलं तेवढी उरायची, जणू दांड्यांवरून सुटून हवेतच थांबलेली.

पुढे कधीतरी वाचलं, की ज्यांना आपण त्याच्या पाकळ्या समजतो त्या खऱ्या पाकळ्या नव्हेतच. पुंकेसरच रुंदावून, पसरून तसे झालेले असतात. खऱ्या पाकळ्या बिचाऱ्या अरुंद, पट्टीसारख्या, कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या. फुलाची नळी बोटभर लांब, मध तिच्या तळाशी. म्हणून अंधारात येतात ते लांब सोंडेचे पतंग, फुलावर न बसता समोरच पंख फडफडवत मध ओढणारे. तो पांढरेपणा आणि तो वास त्यांच्यासाठी. आम्ही आपले उगाच मध्ये उभे असायचो, आणि तरी किती मिळायचं! दुसऱ्या दिवशी फूल पिवळट होऊन मान टाकायचं. संध्याकाळी त्याच कणसातून दुसरं.

नंतर मी देशावर राहायला आले. इथंही कुंडीत तो लावला, फुललाही. पण कोरड्या वाऱ्यानं पानांच्या कडा करपलेल्या आणि वास कसा पातळ, फुलाजवळ वाकावं तेव्हा कळणारा. तेव्हा कोकणातली ती दमट हवा आठवली. पापड सादळवणारी, चपलांना बुरशी आणणारी, जिच्या नावानं आम्ही सगळेच बोटं मोडायचो. त्या जड, थांबलेल्या हवेनंच तर तो वास अंगणभर धरून ठेवलेला असायचा. मला वाटतं, त्या गंधात निम्मं फूल होतं आणि निम्मी ती हवा.

वैशाख सरता सरता, मिरगाच्या आधी, आजी कांद उकरायची. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो तिनं आधीच बुंध्याशी कापलेला असायचा. चार वर्षांनी बेटाचा मधला भाग मोकळा पडतो, कांदांची गर्दी होते. मग एकेक डोळा राखून तुकडे करायचे, शेणखतात उथळच पुरायचे, नुसती पाठ झाकेल इतके. उरलेले कांद केळीच्या सोपात गुंडाळून आल्यागेल्याच्या पिशवीत. ते झाड असंच हिंडत असणार. मूळचं पूर्व हिमालयाकडचं, आणि आज ते क्यूबाचं राष्ट्रीय फूल आहे. हवाई बेटांवर तर ओढ्याकाठी इतकं माजलं, की तिथली मूळची झाडं त्यानं दाबून टाकली.

क्यूबाच्या स्वातंत्र्ययुद्धात बायका हे फूल केसांत माळून त्यात चिठ्ठ्या लपवून नेत, असं सांगतात. ते वाचल्यापासून माझ्या मनात आजोळची ओटी आणि ते लांबचं बेट शेजारी-शेजारी आली आहेत. आजी संध्याकाळी परडीभर फुलं काढायची. मामींना, आईला, आम्हा मुलींना प्रत्येकीला एकेक, नळीसकट वेणीत खोवून द्यायची. आजोबा गेल्यावर तिनं स्वतः फूल माळलं नाही. शेवटचं एक ती ओंजळीत धरायची, डोळे मिटून खोल वास घ्यायची आणि उशाशी, पाण्याच्या तांब्यात ठेवायची. तिला कुणी कधी, घे गं, तूही माळ, असं म्हटलं नाही. मीसुद्धा नाही, मला तर ते सुचण्याचंही वय नव्हतं.

क्यूबातल्या एखाद्या बाईला, जिच्या अंगणात आत्ता तसाच पाऊस नुकता थांबला असेल, मला एवढंच विचारायचं आहे: तुमच्याकडे नवरा गेलेल्या आज्या हे फूल माळतात का?