धोतर नेसून मुक्कामाला

चौसाळ्यात आता धोतर नेसणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत आणि ती बहुतेक साठीच्या पुढची. मी त्यांच्यातला नव्हे. शाळेत मी पाटलोण घालूनच जातो. धोतर नेसून फळ्यापुढे उभा राहिलो, तर मुले व्याकरण सोडून माझ्या सोग्याकडेच पाहत बसतील! पण चैत्री पौर्णिमेला आम्ही सहकुटुंब येरमाळ्याच्या येडाईला निघतो, तेव्हा मुक्कामाचे चार-पाच दिवस मी धोतरात असतो. मुलगी म्हणते, "बाबा, फोटोपुरती तरी पॅन्ट घाला ना." मुलगा काही बोलत नाही. तो फक्त चार पावले मागून चालतो. चौदाव्या वर्षी मीही वडिलांच्या मागे असाच चालत असे.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त स्कॉटलंडात आहे. त्याने गेल्या वर्षी मला एक छायाचित्र पाठवले. डोंगराच्या कुशीत ठोकलेला तंबू, शेगडीवर किटली, भोवती बायको-मुले, आणि मधोमध चौकड्यांचा गुडघ्याएवढा घागरा नेसून लाकडे फोडणारा एक दांडगा गृहस्थ! खाली लिहिले होते, "सर, तुमचे भाऊबंद." हा घागरा म्हणजे किल्ट. विद्यार्थ्याने केली ती थट्टाच. पण मी त्या किल्टची थोडी चौकशी केली, तेव्हा नाते अगदीच लांबचे नाही असे दिसले.

आजचा शिवलेला किल्ट हे धाकटे भावंड. थोरला किल्ट म्हणजे लोकरी कापडाचा न शिवलेला, लांबच लांब पट्टा. हायलँडमधला मनुष्य त्याच्या हाताने निऱ्या घाली, कमरेला पट्टा आवळी आणि उरलेला भाग खांद्यावर टाकी. रात्री रानात मुक्काम पडला की पट्टा सोडायचा. दिवसभराचा पोशाख तेच रात्रीचे पांघरूण. १७४५ च्या बंडानंतर इंग्रज सरकारने १७४६ साली कायदा करून या वेषावर बंदी घातली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षे समुद्रापार! एका पांघरुणाला सरकार इतके भ्याले. कायदा रद्द झाला तो १७८२ साली. सरकारी पलटणींना मात्र ही बंदी नव्हती. हायलँडरांच्या अशा दोन पलटणी १८०३ साली आपल्या भोकरदनजवळच्या असईच्या मैदानात मराठ्यांच्या तोफांसमोर उभ्या होत्या.

पण किल्ट मी त्या छायाचित्रात प्रथम पाहिला, असे नाही. तो मी सात-आठ वर्षांचा असताना मांजरेच्या काठी पाहिला.

त्या काळी आम्ही येरमाळ्याला बैलगाडीने जात असू. ऊन उतरले की चौसाळ्याहून निघायचे आणि पहिला मुक्काम मांजरेवर करायचा. नदी ओलांडली की बीड जिल्हा संपला. पुढे पारगाव, मग फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेले तेरखेडे, आणि मग येरमाळा. तिथे चुनखडीचे खडे वेचायचे, आमराईत देवीची पालखी येते तिथे झाडाखाली चूल मांडायची. दादांजवळ, म्हणजे माझ्या वडिलांजवळ, दोन धोतरे असत : एक अंगावर, एक गाडीत. गाडीतल्या धोतराला अंगावर चढायची वेळ क्वचितच येई. ते गाडीखाली बहिणीची झोळी होई, दुपारी बाभळीला बांधले की सावली होई, आणि संध्याकाळी चौपदरी घडी होऊन घागरीच्या तोंडावर बसे. न गाळलेल्या पाण्याचा घोट दादा कुणाला घेऊ देत नसत. आजच्या मुलांना नारू हा शब्दच माहीत नाही. पायऱ्यांच्या बारवेत माणसे पाय बुडवून पाणी भरीत. त्या पाण्यातल्या बारीक किड्यांवाटे रोग पोटात जाई आणि वर्षभराने पायातून हातभर दोऱ्यासारखा जंत बाहेर निघे. त्यावर लस नव्हती, औषध नव्हते. होते ते गाळणे. आपला देश नारूमुक्त झाल्याचे २००० साली जाहीर झाले. त्या विजयात जुन्या धोतरांचा आणि लुगड्यांचा वाटा किती, हे कोण मोजणार?

तर त्या रात्री मांजरेच्या काठी आमच्या शेजारीच ऊसतोडीहून परतणाऱ्यांच्या गाड्या सुटल्या होत्या. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. त्यातल्या एका कोयत्याची बाई पोटुशी होती आणि मध्यरात्री तिच्या पोटात दुखू लागले. माझ्या आजीच्या हातून गावातली कितीतरी बाळंतपणे झालेली. ती उठून गेली आणि लगेच परत आली. "आडोसा पाहिजे. धोतर आण!" गाडीतले धोतर गाळण्याने ओले होते. दादा गोंधळले. आजी ओरडली, "आरं, बघत काय बसलास? नेसलेलं सोड की!"

दादा अंधारात गेले. परत आले ते घोंगडे नेसून! घोंगडे काही काष्ट्याला ऐकत नाही. त्यांनी त्याच्या जाड घड्या मागे घालून वरून बैलाचा कासरा आवळला होता. गुडघ्याखाली उघड्या पोटऱ्या. मी आणि बहीण तोंडावर हात धरून हसत होतो आणि आईने आम्हांला एकेक चापट दिली. ते धोतर दोन गाड्यांच्या मधे बांधले गेले. दादा पहाटेपर्यंत तसेच जाळावर पाणी तापवीत, पलीकडे पाठ करून उभे होते.

तांबडे फुटताना बाळ रडले. आजीने धोतर मधोमध फाडून अर्ध्यात त्याला गुंडाळले. उजाडल्यावर त्या बाईचा नवरा आला. पितळीभर साखर दादांसमोर ठेवली आणि काही न बोलता गेला. अर्ध्या धोतरात पुढे कैक वर्षे आई भाकरी बांधीत असे.

दिवाळी झाली की माझा वर्ग अजूनही विरळ होतो. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर कारखान्यावर जातात आणि उसाच्या पाचटाच्या कोपीत राहतात. तिकडून आलेल्या एका मुलाने मला एकदा विचारले, "सर, तुमचं घर हाय ना पक्कं? मग रानात कशाला झोपता?" देवीला जातो, असे मी म्हणालो. "देवीला जीप जाती की." मी त्याला वही काढायला सांगितली. पण त्याचा प्रश्न रास्त होता, आणि आमराईत चूल पेटवताना तो मला दरवर्षी आठवतो.

या चैत्रात मुलाने हट्टाने नायलॉनचा तंबू आणला. झक्क वस्तू! विंचू आत येत नाही, हा तिचा गुण मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण दुपारी आत भट्टी झाली. चिरंजीव घामाघूम होऊन बाहेर आले, इकडेतिकडे कुणी पाहत नाही याची खात्री केली आणि हळूच म्हणाले, "बाबा, ते दुसरं धोतर आहे का?" आम्ही दोघांनी ते भिजवून तंबूवर टाकले.

आई आंब्याखाली बसून हे पाहत होती. ती आता ऐंशीच्या घरात आहे. सूर्य कलल्यावर तिने नातवाला हाक मारली.

"ते काढ आता, पिळून वाळत घाल. रात्रीचं लागलं तर कोरडं पाहिजे."

"रात्री कशाला लागतंय, आजी?"

"घाल म्हणते ना."