सह्याद्रीतली थंडी

मुलांनो, नवी मुंबईत डिसेंबरातही स्वेटर क्वचितच लागतो. खाडी आणि समुद्र जवळ असल्यामुळे इथली थंडी सौम्य असते. पण तेवढ्यावरून डोंगरावरच्या थंडीचा अंदाज बांधू नका.

सह्याद्रीत हिमालयासारखा बर्फ पडत नाही, हे खरे. तरीही कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ पहाटे दवबिंदू गोठतात आणि गवत पांढरे दिसते. असे का होते? आकाश निरभ्र असले, की रात्री जमिनीतील उष्णता लवकर निघून जाते. थंड हवा जड असते, म्हणून ती सखल जागी साचते. शिवाय दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई तर १६४६ मीटर उंच आहे!

मला हिवाळ्यात डोंगर चढायला फार आवडते. मात्र मी पिशवीत कोरडा सदरा, स्वेटर आणि विजेरी ठेवतो. चढताना घाम येतो आणि माथ्यावरच्या वाऱ्यात ओला सदरा अंग गारठवतो. थंडीत तहान कमी लागते, तरी पाणी पीत राहावे.

आणखी एक गोष्ट. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. झाडीत त्याआधीच अंधारते आणि पायवाट दिसेनाशी होते. म्हणून पनवेलजवळच्या कर्नाळ्याला गेलात, तरी परतीची वेळ आधी ठरवा. ती वेळ झाली, की माथा राहिला तरी मागे फिरा. किल्ला शेकडो वर्षे तिथेच उभा आहे. घरी मात्र तुमची वाट पाहणारे कोणीतरी असते.