न आलेल्यांची यादी

बाबा आणि आत्या, दोघांच्याही उच्च रक्तदाबाचं निदान एकाच वर्षी झालं. बाबा पुण्यात एका नावाजलेल्या खासगी डॉक्टरांकडे जातात, आत्या सातारा जिल्ह्यातल्या तिच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. बाबांना ठरलेली वेळ मिळते, ईसीजी आणि रक्ततपासणी त्याच इमारतीत होते. आत्याच्या वाट्याला रांग, आणि अधूनमधून "ही गोळी संपलीय, पुढच्या आठवड्यात या." तुलना इथेच संपली असं कुणालाही वाटेल.

पण मी पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो. मला वेगळाच प्रश्न पडतो : पेशंट आलाच नाही, तर ते कुणाला कळतं?

मध्यंतरी बाबांनी "आता बरं वाटतंय" म्हणून चार महिने गोळ्या बंद ठेवल्या. दवाखान्याच्या लेखी काहीच घडलं नाही. आत्याची एक खेप चुकली, तर सिस्टरचा फोन आला, "काकू, गोळ्या संपल्या असतील ना? उद्या येऊन जा."

हा सिस्टरचा चांगुलपणा आहेच, पण त्यामागे रचनाही आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात तो आधी ज्या जिल्ह्यांत आला, त्यांत सातारा होता. औषधं ठरलेली, ती वाढवण्याचा क्रम ठरलेला, आणि नोंदवलेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब 140/90च्या खाली आहे याचा हिशोब. अशा कामासाठी बनवलेलं 'सिम्पल' नावाचं अ‍ॅप मुक्तस्रोत आहे. त्यात तारीख उलटून गेलेल्यांची वेगळी यादी असते, फोन करण्यासाठी. प्रोग्रामरच्या नजरेनं पाहिलं तर ही अगदी किरकोळ क्वेरी. खासगी दवाखान्याच्या संगणकावरही ती सहज चालेल. पण न आलेल्या माणसाची जबाबदारी तिथे कुणावरच टाकलेली नाही.

रक्तदाब दुखत नाही. तो पक्षाघात होईपर्यंत गप्प राहू शकतो. म्हणून या आजारात न आलेला माणूसच जास्त धोक्यात असतो. सरकारी केंद्र त्याला निदान छेदात धरतं. अर्थात, फोन करून बोलावलं आणि गोळीच नसली, तर त्या यादीचा उपयोग शून्य. आत्याची ती तक्रार रास्तच आहे.

दवाखाना चांगला की वाईट हे विचारताना आपण डॉक्टरांची पदवी, मशिनं, स्वच्छता बघतो. त्यात एक प्रश्न वाढवायला हवा : मी पुढच्या महिन्यात आलो नाही, तर तुम्ही काय कराल?