लाजऱ्या गोगलगाईचं बेट

सेंट हेलेनाला लोक नेपोलियनसाठी येतात, मी गोगलगाईसाठी आले. केपटाउनहून पाचेक दिवस बोटीनं यावं लागायचं, ते 2017पासून विमानानं सुटसुटीत झालंय. आफ्रिकेचा किनारा मात्र अजूनही सुमारे 1,900 किलोमीटर दूर.

डायनाज पीकच्या वाटेवर धुकं इतकं दाट, की वृक्षनेच्यांवरून ठिबकणारं पाणी आधी ऐकू यायचं, नेचे मग दिसायचे. वाटाड्यानं एक पान अलगद उलटलं. करंगळीच्या नखाएवढी, मधाच्या रंगाची ती चिकटून बसली होती. भिंग लावलं. शंखाला वेढे जेमतेम तीन, शेवटचा भलताच फुगलेला. निम्म्याहून जास्त शंख म्हणजे नुसतं तोंडच. कवच इतकं पातळ, की आतलं अंग दिसत होतं. बाहेरून आलेल्या बागेतल्या गोगलगाई गोल, जाड कवचाच्या. त्यांच्याशी गल्लत व्हायचं कारणच नव्हतं. इथले लोक हिला ‘ब्लशिंग स्नेल’ म्हणतात. बेटाच्या स्वतःच्या वीसेक जातींपैकी एवढी एकच उरली आहे.

बाकीच्या मातीत आहेत. ईशान्येच्या उघड्याबोडक्या उतारावर मला एक फुटका, खडूसारखा पांढरा शंख सापडला. लोकांना पूर्वी हे समुद्रातले शंख वाटायचे. जुलै 1836मध्ये डार्विन आला, त्यानं ते जमिनीवरच्या गोगलगाईंचे म्हणून ओळखले. अशा आठ जाती त्याला मिळाल्या, एकही जिवंत नाही. जंगल गेलं म्हणून त्या गेल्या असाव्यात, असं त्यानं लिहिलं.

आणि जंगल खाल्लं बकऱ्यांनी. गोव्याहून परतणाऱ्या पोर्तुगीज गलबतांना ताजं मांस मिळावं म्हणून त्या इथे सोडल्या होत्या. त्याच वाटेनं फर्नांव लोपिश आला. तो विजापूरकरांना मिळालेला पोर्तुगीज शिपाई. 1512मध्ये गोव्यातला बाणस्तारीचा किल्ला पडल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कनं त्याचे नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला. मायदेशी निघालेला लोपिश वाटेत इथेच उतरला आणि मधली लिस्बन-रोमची फेरी सोडली तर मरेपर्यंत इथेच राहिला. सोबतीला एक कोंबडा होता म्हणतात.

तेव्हा हा उतार झाडांनी भरलेला असणार. पावसानंतर माझ्या तळहातावरच्या या शंखातली गोगलगाय खोडावर चढत असेल, आणि ती ओलांडून लोपिश पाण्याला जात असेल.

शंख जिथून उचलला, तिथेच ठेवला. तोंड खाली, होता तसा.