लेखकांचं माहेर

माहेरी गेल्यावर पहिले चार दिवस आपण काय करतो, आठवून पाहा. काही म्हणजे काही करत नाही! सकाळचा चहा आयता हातात येतो. ‘जेवायला काय करू?’ हा प्रश्न आपण विचारायचा नसतो, तो आपल्याला विचारला जातो. आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोक्यात आपोआप काहीबाही सुचायला लागतं. राहून गेलेलं पत्र लिहावंसं वाटतं, विसरलेलं गाणं ओठांवर येतं. तुमच्यापैकी कितीतरी जणी लिहितात, हे मला ठाऊक आहे. दुपारी ओटा आवरून झाला की हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर. लिहायला प्रतिभा लागते हे खरंच, पण कुणीतरी वाढलेलं ताटही लागतं, हे तुम्हांला निराळं सांगायला नको.

लिहिणाऱ्यांचं असं एक माहेर अमेरिकेत आहे. त्याचं नाव यॅडो. लेक न्यू जर्सीत असते, तिच्याबरोबर जूनअखेर मी तिथली बाग पाहून आले.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला मोटारीनं साधारण साडेतीन तासांवर साराटोगा स्प्रिंग्ज नावाचं गाव लागतं. स्प्रिंग्ज म्हणजे झरे. गावातल्या बागेत या झऱ्यांच्या पाण्याचे नळ आहेत, कुणीही प्यावं. मी प्याले. खारट, फसफसणारं, पोट बिघडल्यावर घ्यायच्या औषधासारखं! बटाट्याचे वेफर्स पहिल्यांदा याच गावात तळले गेले अशी तिथल्या लोकांची आवडती आख्यायिका आहे; खरी-खोटी देव जाणे. उन्हाळ्यात घोड्यांच्या शर्यतींना इथे जत्रा लोटते. आणि गंमत पाहा, त्या गजबजलेल्या रेसकोर्सला लागूनच सुमारे चारशे एकरांची झाडी आहे. ती ओलांडून आत गेलं की कानाला एकदम शांत वाटतं. वाटेत चार छोटी तळी लागतात. त्यांची नावं जरा थांबून सांगते.

ही जागा स्पेन्सर आणि कतरिना ट्रास्क या जोडप्याची. स्पेन्सर मोठा सावकार. एडिसनच्या विजेच्या व्यवसायात त्यानं पैसा घातला होता. कतरिना कविता, नाटकं लिहायची. १८८० साली त्यांचा थोरला मुलगा ॲलन्सन गेला. पुढच्याच वर्षी, मन रमावं म्हणून, त्यांनी ही जागा घेतली. छोट्या क्रिस्टिनाला विचारलं, ‘बाळ, नाव काय ठेवू या?’ तिनं यॅडो हा शब्द आपल्या मनानंच बनवला. ‘शॅडो’शी, म्हणजे सावलीशी, तो जुळतो, पण या घरात सावली नको, असं काहीसं त्या पोरीच्या मनात होतं म्हणतात.

तसं व्हायचं नव्हतं. १८८८ साली कतरिनाला घटसर्प झाला. ती जगत नाही असं वाटून मुलांना शेवटचं भेटायला तिच्याजवळ नेलं. आई वाचली, क्रिस्टिना आणि धाकटा स्पेन्सर काही दिवसांच्या अंतरानं गेले. पुढच्या वर्षी आणखी एक मुलगी झाली. तिचं नाव आईचंच, कतरिना. तीही थोड्याच दिवसांची सोबतीण. १८९१ साली घरही जळलं. त्याच जागी त्यांनी १८९३ मध्ये दगडी वाडा उभा केला, पंचावन्न खोल्यांचा. आता त्या तळ्यांची नावं सांगते : ॲलन्सन, क्रिस्टिना, स्पेन्सर आणि कतरिना.

पंचावन्न खोल्या आणि माणसं दोन. अशा घरातली बाई एक तर देवघर धरते, नाही तर अंथरूण. कतरिनानं मनात काय धरलं, तर या खोल्यांत कुणीतरी लिहीत, चित्रं काढत, गाणं रचत बसलं पाहिजे. १९०० साली नवरा-बायकोनं रीतसर संस्था केली. आपल्या दोघांच्या पश्चात हे घर कलावंतांचं, असं ठरलं. १९०९ च्या शेवटच्या दिवशी रेल्वेच्या अपघातात स्पेन्सरही गेला. मग तिनं काय करावं? मोठा वाडा बंद केला आणि आवारातल्याच लहान घरात राहायला गेली. संस्थेसाठी पैसा शिल्लक पडावा म्हणून! घरखर्च आवळून एखाद्या कामासाठी पैसा बाजूला टाकणं म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. पण चारशे एकरांच्या मालकिणीनं ते केलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. १९२१ मध्ये स्पेन्सरचा जुना मित्र आणि भागीदार जॉर्ज फॉस्टर पीबडी याच्याशी तिनं लग्न केलं, आणि पुढच्याच जानेवारीत ती गेली. पहिले पाहुणे १९२६ साली आले. त्यांना पाहायला ती नव्हती.

पाहुणे आले खरे, पण घर चालवायचं कुणी? ते एलिझाबेथ एम्स हिनं चालवलं, १९२४ पासून १९६९ पर्यंत. सभागृहातल्या तसबिरी संस्थापकांच्या असतात, म्हणून या बाईविषयी मुद्दाम सांगते. लेखक म्हणजे काही सोपे पाहुणे नव्हेत. एकाला झोप लागत नाही, दुसऱ्याला शेजाऱ्याच्या टंकयंत्राचा आवाज खुपतो, तिसरा उगाचच गप्पा मारत या खोलीतून त्या खोलीत हिंडतो. त्यावर नियम असा, की सकाळी नऊ ते दुपारी चार शांतता. बोलावल्याशिवाय कुणी कुणाच्या खोलीवर जायचं नाही. मग दुपारचं जेवण? तर सकाळची न्याहारी आटोपली की ज्यानं त्यानं आपला पत्र्याचा डबा उचलायचा आणि कामाच्या जागी जायचं. संध्याकाळी मात्र सगळ्यांनी एका टेबलाशी जेवायचं, तेव्हा हव्या तेवढ्या गप्पा!

डबा! मला तर हसूच आलं. आपल्या घराघरांतून रोज सकाळी जे भरून निघतं, त्याच्यावर तिथे कादंबऱ्या उभ्या राहिल्या. पॅट्रिशिया हायस्मिथनं आपली पहिली कादंबरी १९४८ साली तिथे राहून पुढे नेली. ते दोन महिने ती विसरली नाही. १९९५ मध्ये ती वारली तेव्हा मोठी मालमत्ता यॅडोच्या नावे ठेवून गेली.

आपल्या देशाचाही एक धागा तिथे आहे. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर बर्लिनमध्ये संसार केलेली, आपल्या स्वातंत्र्यासाठी अमेरिकेत तुरुंगात गेलेली ॲग्नेस स्मेडली १९४३ ते १९४८ यॅडोत राहिली. ती साम्यवादी, तेव्हा तिला थारा देणारी एम्सही तशीच, असा गहजब कवी रॉबर्ट लोवेलनं १९४९ साली केला आणि एम्सला काढा म्हणाला. विश्वस्तांनी ऐकलं नाही, बाई जागेवर राहिली. घर चालवणारीवर ठपका यायला वेळ लागत नाही, अमेरिका असो नाही तर आपली चाळ.

राहण्या-जेवण्याचे पैसे तिथे आजही घेत नाहीत. केलेलं काम पाहून निवड होते आणि दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत राहता येतं. पण भगिनींनो, एक अट आहे : एकट्यानं यायचं. मुलंबाळं बरोबर नाहीत. ही अट मला समजते, आणि खुपतेही. पुरुष तिथे गेला तर मागे घर बघायला बहुधा बायको असते. बाई गेली तर मागे कोण? सासूबाईंना काय सांगायचं, की दोन महिने कविता करायला जाते?

सिल्व्हिया प्लाथचं पाहा. १९५९ च्या सप्टेंबरात ती नवऱ्याबरोबर, कवी टेड ह्यूजबरोबर, तिथे गेली. दोघेही निवडले गेले होते, म्हणून बरोबर. तिला पहिले दिवस गेलेले होते. दोघांना निरनिराळ्या खोल्या, स्वयंपाक नाही, भांडी नाहीत. त्या दोनेक महिन्यांत पहिल्या संग्रहातल्या महत्त्वाच्या कविता तिच्या हातून झाल्या. तीन वर्षांनी, दोन लहान मुलं पदरात आणि नवरा दुसरीकडे, तेव्हा तिनं सगळ्यात गाजलेल्या कविता लिहिल्या. पहाटे चारला उठून, मुलं जागी व्हायच्या आत. तेव्हा तिला डबा करून देणारं कुणी नव्हतं. काही जण म्हणतात, पाहा, अडचणीतच खरं काव्य जन्मतं. मला हे पटत नाही. म्हणणाऱ्यांनी महिनाभर पहाटे चारला उठून दाखवावं, आणि वर मुलांचं दिवसभर करावं.

आता बागेविषयी, कारण आपल्यासारख्यांना पाहायला मिळते ती तेवढीच. इटलीतल्या बागा पाहून आल्यावर स्पेन्सरनं १८९९ साली ही गुलाबबाग बायकोला भेट म्हणून करवली. मधोमध कारंजं, भोवती आखीव वाफे, आणि वरच्या अंगाला दगडी खांबांचा लांब मांडव, त्यावर चढलेले वेलगुलाब. पलीकडे दाट झाडांच्या सावलीत खडकांची बाग आहे, थंडगार. मांडवाजवळ एका तरुण वीराचा संगमरवरी पुतळा आहे, क्रिस्टॅलन. क्रिस्टिना आणि ॲलन्सन ही नावं एकत्र केली की काय होतं, ते तुमच्या लक्षात येईल. मुलांच्या आठवणीसाठी आईनं त्याच नावाचं दीर्घकाव्यही लिहिलं होतं.

मध्यंतरी बागेची रया गेली होती. १९९१ पासून गावातल्या लोकांनी पुढाकार घेऊन ती पुन्हा उभी केली. खुरपणी, छाटणी सगळं स्वयंसेवकांच्या हातचं. आम्ही गेलो तेव्हा टोपी घातलेल्या एक आजी गुडघे टेकून तण काढत होत्या. मी विचारलं, घरचं सगळं आटोपून येता का? त्या म्हणाल्या, घरचं तसंच टाकून येते!

जायचं झालं तर जूनच्या शेवटी जा, गुलाब भरात असतात. तिकीट नाही. आरामात तासभर लागतो, पायांत सपाट चपला असू द्या. वाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, इथून पुढे फक्त पाहुण्यांनी जावं, अशी पाटी आहे. चारच्या आत गेलात तर बागेत जरा हळू बोला. मुलं बरोबर असतील तर त्यांना तळी दाखवा.